हॉर्नच्या आधी

सकाळी 6:30

शटर अर्ध्यावर उचललं की मी आधी झाडू घेतो आणि मग खडू. पुण्यात, धायरीतल्या एका गल्लीच्या टोकाला माझं दुकान आहे. पुढे रस्ता जात नाही, त्यामुळे दारासमोरची सिमेंटची जागा मोकळी मिळते. वर पत्र्याची शेड आहे, पण श्रावणात झड आत येतेच आणि आदल्या दिवशीच्या रेघा रात्रीत पुसट होतात. त्या रोज नव्याने काढायच्या. मधोमध एक लांब रेघ, स्कूटरची दोन्ही चाकं जिच्यावर उभी राहतील अशी. मागच्या चाकापासून दोन, पाच आणि आठ मीटरवर आडव्या रेघा, आणि त्या आडव्या रेघांवर दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या मीटरला एक फुली. भाचा टेप धरतो, मी वाकून रेघ ओढतो.

ऑइल, ब्रेकशू, बेल्ट, बॅटरी ही सगळी कामं इथे होतात आणि पोट त्यावरच चालतं. पण गेली चौदा वर्षं या खडूच्या रेघांसाठी माणसं लांबून येतात. हडपसरहून येतात, चाकणहून येतात. स्कूटरवर बसल्यावर आपल्याला मागचं नेमकं किती दिसतं, हे त्यांना इथे जमिनीवर मोजून मिळतं. जादा आरसा लागतो का, लागला तर कुठला आणि कुठे बसवायचा, हे त्यानंतर ठरतं. आधी आरसा विकायचा आणि मग तो कुठे तरी अडकवायचा, हे मला पटत नाही.

सकाळी 7:10

बायको शाळेला निघते. ती बालवाडीच्या वर्गावर आहे. हेल्मेट घालून ती सीटवर बसते, मी पुढून हँडल धरतो आणि ती दोन्ही आरशांना बोट लावून तपासते. रोज. यात एकही दिवस खाडा झालेला नाही.

2011 साली आमच्याच सोसायटीच्या फाटकाशी ती उजवीकडे वळत होती. इंडिकेटर लावलेला होता. मागून उजव्या बाजूने ओव्हरटेक करत आलेली मोटारसायकल तिच्या पुढच्या चाकावर आली. मनगटाची दोन हाडं मोडली; पावसाळ्यात ते मनगट अजून धरतं. चूक मोटारसायकलवाल्याची होती, हे सगळेच म्हणाले. पण गाडी ओढून दुकानात आणली तेव्हा मी तिच्या जागी, तिच्या उंचीएवढा खाली वाकून बसलो. उजव्या आरशात झाडांचे शेंडे आणि आभाळ दिसलं. रस्ता नव्हताच.

त्या गाडीची सर्व्हिसिंग मीच करायचो. सर्व्हिसिंग झाली की मी एक चक्कर मारायचो आणि आरसे माझ्या डोळ्यांना लावून घ्यायचो. मी पाच फूट दहा, ती पाच फूट एक. डोळा खाली आला की आरशातली नजर वर जाते, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून तिच्या बसण्याला आरसे लावून द्यायचं मला कधी सुचलं नाही. खडूच्या रेघा त्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाल्या.

सकाळी 8 ते 10

ऑफिसची वेळ. या दोन तासांत कुणी थांबत नाही. हवा, चेन, ब्रेकची केबल, एवढंच. धायरी, नऱ्हे, वडगाव इथल्या बहुतेकांचा रोजचा रस्ता नवले पुलापाशी महामार्गाला भिडतो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा लांबलचक उतार तिथे संपतो आणि जड गाड्या त्याच उतारावरून येतात. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री अशाच एका जड गाडीने तिथे कित्येक गाड्या ठोकल्या. तशी गाडी अंगावर आली तर आरसा कुणाला वाचवणार नाही, हे मी लपवत नाही. पण सर्व्हिस रोड सोडून महामार्गाच्या कडेला लागताना मागून काय येतंय, हे रोज सकाळी हजारो स्कूटरवाल्यांना ठरवावं लागतं, आणि तिथे आरसाच उपयोगी पडतो.

हिशेब साधा आहे. तुम्ही ताशी 30 ने चाललात आणि मागची गाडी 60 ने येतेय, तर ती दर सेकंदाला आठ मीटर जवळ येते. पंचवीस मीटरवर दिसलेली गाडी तीन सेकंदांत शेजारी. आरशात बघायला, समजायला आणि हँडल सरळ ठेवायला तुमच्याकडे तेवढाच वेळ असतो.

इथे उभं राहून मी रोज बघतो. दहांतल्या सहा-सात जणांचे आरसे चुकीच्या कोनात असतात. काहींना आरसेच नाहीत. आपल्याकडे मागचं बघायचं काम आपण मागच्या माणसावर टाकलं आहे. तो हॉर्न वाजवील, मग आपण सरकू. ट्रकांच्या पाठीवर आपण तसं रंगवूनच ठेवलं होतं. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात 2015 साली बंदी आली, पण सवय गेली नाही. त्यात आता डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटच्या आत कानात इअरफोन आणि शेजारून जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरला आवाजच नाही. ज्या कानांच्या भरवशावर आपण आरशाकडे दुर्लक्ष केलं, ते कानही आता कामाचे राहिलेले नाहीत.

पुण्याच्या मुलींचा स्कार्फ हा आणखी वेगळा विषय. धूळ आणि उन्हापासून तो वाचवतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण गालावरून ओढून बांधलेला स्कार्फ डोळ्याच्या कोपऱ्यातलं दिसणं खाऊन टाकतो. स्कार्फ बांधणाऱ्या मुलीला मी सांगतो, ताई, रोज बांधता तसाच बांधून या, मग मोजू.

एक कॉलेजचा मुलगा आला. म्हणाला, ‘‘काका, दोन्ही आरसे काढून द्या, गाडीचा लुक जातो.’’ मी नाही म्हणालो. तो दुसरीकडे गेला. असे महिन्याला चार-पाच तरी जातात आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं.

सकाळी 10:40

आजचं मोठं काम. निवृत्त शिक्षक आहेत, वय 71. मानेला पट्टा. फोनवर त्यांनी सांगितलं होतं की मान खांद्यापर्यंत वळत नाही, डॉक्टरांनी झटके द्यायला मनाई केली आहे, पण स्कूटर सोडायची नाही. बायकोला डायलिसिसला न्यायचं असतं, आठवड्यातून दोनदा. मी सरांना चहा दिला. त्यांनी पिशवीतून दोन भले मोठे गोल आरसे काढले, टेम्पोला असतात तसे.

‘‘हे बसवा. मोठा आरसा, मोठं दिसेल.’’

‘‘सर, आधी आहेत त्या आरशांत किती दिसतं ते बघू.’’

गाडी रेघेवर घेतली आणि स्टँड काढला. ही गोष्ट मी भाच्याला पहिल्या दिवशी शिकवली. मेन स्टँडवर आरसे लावायचे नाहीत. स्टँडवर एक चाक उचललेलं असतं, गाडीचा कल बदलतो, आणि खाली उतरवली की सगळा कोन चुकतो. दोन्ही चाकं जमिनीवर हवीत, माणूस सीटवर हवा, त्याच्या अंगावर रोजचे कपडे, पायात रोजची चप्पल, डोक्यावर हेल्मेट. सॅक घेत असेल तर सॅकही. मी पुढून हँडल धरतो, भाचा मागे आठ मीटरच्या रेघेवर उभा राहतो.

मूळ आरसे आधी नीट लावले. मागचं क्षितिज काचेच्या मधोमध, आणि आतल्या कडेला आपल्या कोपराची जेमतेम किनार. बरेच जण अर्ध्या काचेत स्वतःचा खांदा बघत गाडी चालवतात. नुसती काच दोन बोटं बाहेर ढकलली तरी त्यांना एक अख्खी लेन नव्याने दिसायला लागते. याला पैसे पडत नाहीत आणि जादा आरशाची गरज निम्म्या लोकांची इथेच संपते.

सरांची संपली नाही. भाचा आठ मीटरवरून उजव्या बाजूने हळूहळू पुढे येत गेला. ‘‘दिसतोय, दिसतोय,’’ सर म्हणत होते. तीन मीटरच्या जरा आत आला आणि सर थांबले. ‘‘गेला.’’ तिथे मी खडूने गोल काढला. भाचा चालत राहिला. सरांच्या कोपराजवळ आला तेव्हा डोळ्याच्या कडेला त्यांना तो पुन्हा दिसला. तिथे दुसरा गोल. दोन गोलांमधलं अंतर टेपने मोजलं. अडीच मीटरला थोडं कमी.

‘‘सर, इथे एक मोटारसायकल माणसासकट मावते.’’

सर गाडीवरून उतरले आणि त्या दोन गोलांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्याची मान वळते तो खांद्यावरून एक नजर टाकून ही जागा तपासू शकतो. सरांना ते जमत नाही. जादा आरसा खरा त्यांच्यासाठी आहे.

आणखी एक अडचण होती, ती सरांच्या चष्म्याची. दुहेरी भिंगाचा चष्मा. खालच्या भागातून वाचायचं, वरच्या भागातून लांबचं. आरसे खाली असल्यामुळे नजर नेमकी वाचायच्या भिंगातून जात होती आणि गाड्या धूसर दिसत होत्या. सरांना वाटत होतं आरसा खराब आहे. म्हणून दोन्ही दांड्यांखाली उंची वाढवणारे जोड घातले. आरसे दोन इंच वर आले आणि थोडे बाहेर. आता नजर वरच्या भिंगातून जाते. मग उजव्या दांडीला क्लॅम्प लावून तळहाताएवढा फुगीर काचेचा दुसरा आरसा बसवला, मुख्य आरशाच्या खाली, बाहेरच्या बाजूला वळवून.

फुगीर काचेबद्दल मी प्रत्येकाला करून दाखवतो, नुसतं सांगून विश्वास बसत नाही. सपाट काच खरं अंतर दाखवते पण थोडंच दाखवते. फुगीर काच पसारा दाखवते पण सगळं बारीक करते. स्कूटरच्या आरशाची काच थोडी फुगीर असतेच. तिच्यात पंधरा मीटरवरची गाडी सपाट काचेतल्यापेक्षा साधारण निम्मी दिसते. डोळ्याला वाटतं, अजून लांब आहे. चिकटवायच्या गोल टिकलीसारख्या आरशात तर ती पाचव्या-सहाव्या भागाएवढीच उरते. म्हणून सरांना सांगितलं, या खालच्या आरशात अंतर मोजायचं नाही. तो फक्त एकाच प्रश्नाला उत्तर देतो: शेजारी कुणी आहे की नाही. अंतर वरच्या मोठ्या आरशात.

पुन्हा भाचा चालला. आता ‘‘गेला’’ आणि ‘‘आला’’ यांच्यामध्ये जेमतेम अर्धा मीटर उरला. सरांनी ती उरलेली जागाही स्वतः पावलाने मोजली. टेम्पोचे आरसे मी परत पिशवीत घातले. तेवढं वजन बारीक दांडीवर बसलं की काच थरथरते, आणि थरथरणाऱ्या मोठ्या आरशापेक्षा स्थिर लहान आरसा बरा. निघताना एक गोष्ट हात जोडून सांगितली. गर्दीच्या रस्त्यावर मधूनच उजवीकडे वळू नका, सर. डावीकडे घ्या, थांबा, गाडी आडवी करून दोन्हीकडचा रस्ता समोरून बघा, मग पलीकडे जा. मानेचं दुखणं असलेल्या माणसाला हे कुठल्याही आरशापेक्षा जास्त वाचवतं.

दुपारी 12:45

नाना पेठ. पुण्यात दुचाकीचा सुटा भाग हवा असेल तर पाय तिकडेच वळतात. मी आठवड्यातून एकदा जातो आणि आरसे स्वतः निवडून आणतो, फोनवर मागवत नाही.

आरसा हातभर लांब धरायचा आणि त्यात विजेची तार किंवा खिडकीचा गज बघायचा. आरसा हळू फिरवताना गज लाटेसारखा हलला तर काच टाकाऊ. गज एकसारखा वाकला तर काच फुगीर आहे पण चांगली आहे. काचेवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली की फुगवटा लगेच कळतो, कडेला फट दिसते. पाठीमागची कड नखाने तपासायची. तिथून पाणी शिरलं की दोन पावसाळ्यांत पारा उडतो आणि काचेला कडेने काळे डाग पडतात. आकाराचंही बघावं लागतं. दुचाकीच्या आरशांसाठी संयुक्त राष्ट्रांचा 81 क्रमांकाचा नियम आहे, त्यात गोल आरसा 94 मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाचा चालत नाही. हँडलच्या टोकाला लावायचे जे नाजूक आरसे हल्ली खपतात, त्यांतले कितीतरी पट्टी लावली की याच्या आतच भरतात. जादा आरसा लहान असला तर हरकत नाही; मुख्य आरसा लहान करून चालत नाही.

बोल्टही बघून घ्यावे लागतात. कुणाचे आटे 8 मिमीचे, कुणाचे 10. यामाहाच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात. समोरून काही आदळलं तर दांडी सैल होऊन फिरावी म्हणून. हे माहीत नसलेला माणूस पाना लावून जोर करतो, आटे खातो, आणि मग आरसा कायमचा डुलत राहतो. अशी एक गाडी काल आली होती, तिच्यासाठी आज उलट्या आट्यांचा जोड मिळाला. दुकानदाराने तो कोपऱ्यातल्या डब्यात हात घालून न बघता काढून दिला. चाळीस वर्षांचा त्यांचा हात आहे तो.

दुपारी 2:15

डबा. भाच्याने दोन पंक्चरच्या गाड्या शेजाऱ्याकडे पाठवल्या होत्या.

दुपारी 3

जेवण पोचवणाऱ्या एका मुलाची स्कूटर. मागे भली मोठी चौकोनी पेटी. त्याने स्वतःच चार आरसे लावले होते, दोन मूळचे, दोन क्लॅम्पचे, आणि मूळच्यांवर दोन टिकल्या. एकूण सहा काचा. फोनमध्ये त्याने एक फोटो दाखवला, इंग्लंडमधल्या जुन्या लॅम्ब्रेटाचा, पुढच्या बाजूला पिसाऱ्यासारखे वीस-पंचवीस आरसे. 1960 च्या दशकात तिथले मॉड म्हणवणारे तरुण आपल्या व्हेस्पा-लॅम्ब्रेटा अशा सजवायचे. फोटो देखणा होता, मलाही आवडला.

मी त्याला रेघेवर बसवलं आणि भाच्याला त्याला न सांगता कुठूनही यायला लावलं. भाचा डावीकडून आला. मुलगा उजवीकडच्या तीन काचा बघून डावीकडे येईपर्यंत भाचा पुढच्या चाकापाशी पोहोचला होता. ताशी 36 किलोमीटरने जाणारी स्कूटर एका सेकंदात दहा मीटर पुढे जाते. तेवढा वेळ डोळा पुढच्या रस्त्यावर नसतो. काचा वाढल्या की डोळ्याची शोधाशोध वाढते. मला विचाराल तर स्कूटरवर तीन काचा पुरे, फार तर चार, आणि प्रत्येकीचं काम ठरलेलं हवं.

त्याच्या दोन टिकल्या काढल्या. एक मुख्य आरशाच्या बरोबर मधोमध चिकटवलेली होती, म्हणजे क्षितिजच झाकलेलं. पेटीमुळे पाठीमागचं मधलं दिसत नव्हतं, म्हणून मूळचे दोन्ही आरसे जोड घालून बाहेर नेले. उजवीकडचा क्लॅम्पचा आरसा काढून त्याला परत दिला, डावीकडचा ठेवला, कारण तो दिवसभर रस्त्याच्या उजव्या कडेने रिक्षा आणि बसना मागे टाकत असतो आणि परत डावीकडे शिरताना त्याला तिथलं दिसायला हवं. राहिली थरथर. सिग्नलला गाडी उभी असताना एका सिलिंडरचं इंजिन सगळं हँडल हलवतं आणि काचेत गाडीच्या जागी नुसता डाग दिसतो. दांडीच्या बुडाशी रबरी वायसर, वर लॉकनट घट्ट, दांडी शक्य तेवढी आखूड. चौदा नंबरचा पाना आणि दहा मिनिटं. त्याला ऑर्डर आली तसा तो पळाला. पैसे त्याने रस्त्यातून फोनवर पाठवले.

दुपारी 4:30

शाळा सुटायची वेळ. एक आई आली, मागे पाच वर्षांचा मुलगा, दोघांना मिळून एक पट्टा. लहान मुलांना स्कूटरवर नेताना पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग 40 च्या आत हवा, असा नियम केंद्राने 2022 मध्ये चार वर्षांखालच्या मुलांसाठी केला. या बाईंचा मुलगा पाच वर्षांचा झाला तरी त्यांनी पट्टा सोडला नाही.

‘‘दादा, हा संध्याकाळी गाडीवर झोपतो. मला कळतच नाही. पाठीवर डोकं टेकलं की समजतं, पण कधी कधी बाजूला कलतो.’’

डाव्या दांडीवर आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगीर आरसा लावला, रस्त्याकडे नव्हे तर मुलाच्या तोंडाकडे. हा आरसा मला फार आवडतो. त्यात गाड्या बघायच्या नसतात. सिग्नलला थांबल्यावर एक नजर. मुलाने आरशात आईला बघितलं आणि जीभ दाखवली. दोघंही हसली. मी बाईंना सांगितलं, चालत्या गाडीत यात बघायचं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘हो दादा, बघितलं तर मी त्याच्याशीच बोलत बसेन.’’

त्यांच्या मागोमाग एक ताई आल्या, साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर. पोलिओने एक पाय गेलेला. त्यांच्या गाडीचं माप वेगळं. मागची जादा चाकं हँडलपेक्षा बाहेर निघतात आणि खड्डा, दुभाजक, दुसऱ्याचं पाऊल त्यांनाच आधी लागतं. डाव्या दांडीवर खाली बघणारा एक आरसा लावून दिला. त्यात चाकाची बाहेरची कड आणि जमीन दिसते. त्या पाच मिनिटं गल्लीत चाक पांढऱ्या रेघेवर ठेवून फिरल्या आणि परत येऊन म्हणाल्या, इतकी वर्षं मी अंदाजाने चालवत होते.

संध्याकाळी 6:20

बहीण-भाऊ. भाऊ तेविसेक वर्षांचा, नऱ्ह्याच्या एका कारखान्यात कामाला. बहीण थोडी मोठी. तिने बोलायला सुरुवात केली तेव्हा तिचे हात पण बोलत होते, म्हणजे भावालाही कळत राहावं म्हणून.

‘‘काका, याला जन्मापासून ऐकू येत नाही. लायसन्स मिळालंय. पण आईला झोप लागत नाही. ती म्हणते, मागून कुणी हॉर्न मारला तर? सहा आरसे लाव म्हणते.’’

ऐकू येत नाही एवढ्याच कारणाने कुणाला लायसन्सची परीक्षा नाकारता येणार नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलं. तरीही घरात परीक्षा वेगळीच असते, आणि ती आई घेते. मी मुलाकडे बघून बोललो, बहिणीने हातांनी सांगितलं. आधी मोजू.

तो रेघेवर बसला. ‘दिसला’ म्हणायच्या ऐवजी उजवा अंगठा वर, ‘गेला’ म्हणजे अंगठा खाली. भाचा चालायला लागला आणि मी चकित झालो. आरशातून भाचा गेला तरी अंगठा खाली यायला उशीर होत होता. त्याची मान सतत थोडी हलत होती, पाव इंच डावीकडे, पाव इंच उजवीकडे, आणि डोकं हललं की आरशातलं चित्रही सरकतं, हे त्याने स्वतःच शोधून काढलेलं होतं. मी ही युक्ती लोकांना शिकवतो. त्याला शिकवायला कुणी नव्हतं.

मी विचारलं, आरसा सोडून आणखी काय बघतोस? बहिणीने हातांनी विचारलं, आणि त्याने जे सांगितलं ते तिने मला एकेक करून सांगितलं. सकाळी कामावर जाताना सूर्य मागे असतो, मागच्या गाडीची सावली त्याच्या आधी रस्त्यावर पुढे येते. रात्री मागच्या दिव्याचा उजेड त्याच्या पुढच्या डांबरावर पडतो. उजेड रुंदावला की गाडी जवळ आली. दुकानांच्या काचांत रस्ता दिसतो. पुढच्या रिक्षावाल्याने आरशात बघून मान वळवली तर मागे काही तरी आहे. हे सगळं त्याने बोटांवर मोजून दाखवलं. मी सत्तावीस वर्षं हे काम करतोय. यातल्या दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या.

सहा आरसे त्याला नको होते, आईला हवे होते. आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. उजवीकडे त्याची मान उत्तम वळते, तिथे जादा काच नको. दोन्ही मूळ आरसे अडीच इंच बाहेर, म्हणजे त्याचा रुंद खांदा मधून जाईल आणि सरळ पाठीमागची लेन दोन्ही काचांत येईल. अँब्युलन्सचा दिवा तिथूनच दिसणार. डावीकडे एक फुगीर आरसा, कारण डावीकडून शिरणारी गाडी हॉर्न मारून शिरते आणि तो हॉर्न याच्यापर्यंत पोचत नाही. त्या आरशाचा सांधा असा घट्ट ठेवला की रात्री मागचा पांढरा दिवा डोळ्यात आला तर अंगठ्याने खाली पाडता यावा आणि परत वर करता यावा. काचांना शाम्पूचा पातळ थर लावून कोरड्या फडक्याने पुसून दिला. भुरभुरीत पाण्याचे थेंब जरा कमी धरतात.

पुन्हा रेघ. अंगठा वर. भाचा डावीकडून आला, अंगठा वरच. उजवीकडून आला, तीन मीटरच्या आत शिरला तशी मुलाने मान वळवून थेट त्याच्याकडे बघितलं. अंगठा वरच राहिला. बहिणीने ते सगळं फोनवर टिपलं, आईला दाखवायला.

रात्री 8:30

शटर ओढलं. बहीण रिक्षाने पुढे गेली होती. मुलाला म्हणालो, खुणेने आणि फोनवर लिहून, की वडगावपर्यंत मी तुझ्या मागे येतो. दिवसा जमिनीवर मोजलेलं गर्दीत खरं ठरतं का ते मला बघायचं आहे. तो हो म्हणाला.

सिंहगड रोडला गाड्या चिकटून चालल्या होत्या. पाऊस थांबलेला, रस्ता ओला, सगळ्यांचे दिवे डांबरावर पसरलेले. मी त्याच्यापासून दहा-बारा मीटर मागे. एकदा डिपर दिला. त्याने डावा हात हँडलवरून उचलून दोन बोटं दाखवली. आणखी मागे राहून पुन्हा दिला. पुन्हा दोन बोटं. माझं सगळं लक्ष त्याच्या आरशांवर होतं. त्यातली काच थरथरते का, लांबून कळतं.

पुढे तो अचानक थोडा उजवीकडे सरकला आणि डाव्या बाजूला जागा मोकळी झाली. कशासाठी, ते मला समजेना. मग माझ्या डाव्या कोपराला लागूनच एक इलेक्ट्रिक स्कूटर सुळकन पुढे गेली, दोघं जण बसलेली, आवाज नाही, हॉर्न नाही. मला ती शेजारी आल्यावर दिसली. त्याला माझ्याही मागे असताना दिसली होती. ती त्याने सोडलेल्या जागेतून पुढे निघून गेली आणि तो परत आपल्या जागी आला.

उद्या सकाळी खडूच्या रेघा काढल्या की पहिली माझी गाडी उभी करायची आहे. भाच्याला सांगून ठेवलंय, डावीकडून चाल.